लाल मुलखातला ऑक्टोबर

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात ऑक्टोबर आधी ऐकू येतो, मग दिसतो. पाठीवर यंत्रं बांधलेली माणसं सकाळीच येतात आणि पानं उडवायला लागतात. अख्ख्या गल्लीत एकच घरघर. मेपलची पानं, पाइनच्या सुया, सगळं एका कडेला ढकललं जातं. मग जरा वारा येतो आणि सगळं परत पसरतं. गॅरेजचं दार अर्धं वर करून, चहाचा कप हातात घेऊन मी हे बघत बसतो. त्या घरघरीत मला दरवर्षी सहा मोटारसायकली ऐकू येतात, एकापाठोपाठ एक बंद होत गेलेल्या. शेवटचं इंजिन थांबतं, तापलेलं लोखंड टिक टिक करत निवायला लागतं, आणि मग तेही थांबतं. पुढे जी शांतता होती तशी मी आधी कधी ऐकली नव्हती. नंतरही नाही.

तीन ऑक्टोबर झाले त्याला. परवा आमच्या मोटारसायकलवाल्या मंडळींतल्या केतनचा मेसेज आला, "मिलिंदभाऊ, या वर्षी नेवाडा. येतोस ना?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. सुजाता, माझी बायको, म्हणते, "काहून एवढा विचार करून राहिला? हो म्हण नाहीतर नाही म्हण." मी कशाचा विचार करतो ते तिला पक्कं ठाऊक आहे. त्या प्रवासात माझ्या हातून एक नट आवळायचा राहिला होता. शुभदाताईंच्या गाडीच्या मागच्या चाकाचा. त्यांचा जीव आणि माझी अब्रू, दोन्ही त्या एका नटावर लटकून दोन दिवस वाळवंटातून हिंडत होती, आणि आम्हा कुणालाच पत्ता नव्हता.

पण ते आठवताना आधी नट आठवत नाही. आधी आठवतं ते आकाश.

मी मूळचा भित्रा. नागपुरात नववीच्या वार्षिक परीक्षेला शाळेच्या फाटकापर्यंत गेलो, आतली घंटा ऐकली आणि माघारी फिरलो. घरी जायची हिंमत नव्हती म्हणून इंदोऱ्याच्या चौकातल्या गॅरेजात जाऊन बसलो. बसलो तो बसलोच. पुस्तकात जे कधी समजलं नाही ते लोखंडात समजायला लागलं. तिथल्या उस्तादांची एक शिस्त होती: पाना लावून नट पुरता आवळला की त्यावर पिवळ्या ऑइलपेंटचं बोट ओढायचं. पिवळं दिसलं म्हणजे काम झालं. दिसलं नाही म्हणजे, कितीही खात्री वाटो, झालं नाही. भित्र्या माणसाला अशी शिस्त देवासारखी वाटते. आपल्या आठवणीवर विश्वास ठेवायला नको, रंगावर ठेवायचा.

सुजाता शिकत गेली. औषधांची तपासणी करण्यात तिचा हात बसला, इथल्या एका कंपनीने बोलावून घेतलं, आणि तिच्या नोकरीच्या मागच्या सीटवर बसून मी अमेरिकेत आलो. आता गावाबाहेर डेल नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानात मोटारसायकली दुरुस्त करतो. डेल कमी बोलतो, त्यामुळे माझं इंग्रजी त्याला पुरतं. पण मराठी मंडळींत मला इंग्रजीपेक्षा जास्त अवघड जायचं. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात, हातात कागदी प्लेट घेऊन लोक विचारायचे, "तुम्ही कुठे असता?" म्हणजे कुठल्या कंपनीत. मी दुकान सांगायचो. समोरचा, "ओह, नाइस," म्हणायचा आणि त्याला कुणीतरी ओळखीचं दिसायचं. वाईट नव्हतं कुणी. पुढे काय विचारायचं तेच त्यांना सुचायचं नाही.

मग त्यांनी मोटारसायकली घेतल्या. मुलं कॉलेजला गेली, घरं रिकामी झाली, आणि कधीकाळी पुण्यात, मुंबईत चालवलेल्या गाड्यांची हौस परत आली. शुभदाताईंनी तर बावन्नाव्या वर्षी शिकून घेतली. मोठ्या सॉफ्टवेअर टीमच्या मॅनेजर, सदाशिव पेठेतल्या, जिभेला धार. पहिल्यांदा गाडी घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "मिलिंद, ही गाडी कुठे काय दुखतंय ते सांगत नाही, आणि मला विचारता येत नाही. तुम्ही दुभाषी." तेव्हापासून रविवारी आमच्या गॅरेजात एखाददुसरी गाडी उभी असायची. हळूहळू मंडळींत एक वाक्य रूढ झालं, "मिलिंदने हात लावलाय ना? मग झालं." माझ्याकडे भिंतीवर लावायला कुठलाही कागद नव्हता. हे वाक्य होतं. मी ते मनात लावून ठेवलं होतं, आणि ते खाली पडू नये म्हणून जिवाचं रान करत होतो.

म्हणूनच केतनने वाळवंटाचा बेत काढला आणि, "तू नसलास तर आम्ही जात नाही यार," म्हणाला, तेव्हा मला आनंद झाला तशीच भीतीही वाटली.

बेत साधा होता. सहा गाड्या ट्रेलरवर चढवायच्या. मी आणि देवकाकांनी ट्रक घेऊन अल्बुकर्कीला जायचं. बाकीचे, म्हणजे केतन, त्याच्या ऑफिसातले दोघे आणि शुभदाताई, विमानाने येणार. तिथून सहा दिवस न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटा. देवकाका आमच्यातले सगळ्यात मोठे, सत्तरीला टेकलेले, तीस वर्षं इथल्या रसायनांच्या प्रयोगशाळेत काढून निवृत्त झालेले. त्यांनी निघायचा दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा धरला. "दसऱ्याला गाड्यांची पूजा, दुसऱ्या दिवशी कूच. याहून चांगला मुहूर्त कुठला?"

आमच्या सोसायटीचा नियम आहे, घरासमोर गाडी उघडायची नाही. त्यामुळे माझं सगळं काम गॅरेजच्या आत, अर्ध्या बंद दारामागे, एका ट्यूबलाइटखाली चालतं. त्या संध्याकाळी पाच गाड्या रस्त्यावरच्या ट्रेलरवर चढल्या होत्या. आत फक्त ताईंची उरली होती, तिचा मागचा टायर मी नुकताच बदलला होता. चाक बसवलं, चेनचा ताण बघितला, ॲक्सलचा मोठा नट हाताने फिरवून टेकवला, आणि मोठा पाना घ्यायला वळलो तेवढ्यात देवकाका ताट घेऊन आले. नारळ, फुलं, हळदकुंकू, लिंबं. मागे सगळी मंडळी.

"मिलिंदराव, तुमच्या दारात पूजा केलेली चालेल ना?" काकांनी हळूच विचारलं.

आम्ही बौद्ध. दसऱ्याला आमच्या घरी पांढरे कपडे, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, आणि दीक्षाभूमीवरच्या गर्दीतल्या भावाबहिणींना फोन. पूजा नसते. काकांना ते माहीत होतं, म्हणून तर त्यांनी विचारलं. मला ते विचारणं आवडलं. "चालेल की काका. तुम्ही करा, मी चहाचं बघतो," म्हणालो आणि आत गेलो. त्यांना मोकळेपणाने करता यावं आणि मलाही हात जोडू की नको असं अवघडून उभं राहायला लागू नये, म्हणून. माणसं एकमेकांना जपतात तेव्हा अशीच थोडी बाजूला होतात.

काकांनी नारळ फुटपाथच्या कडेवर फोडला आणि मग सोसायटीचं पत्र येईल म्हणून स्वतःच घाबरले. सुजाताने हसत हसत करवंट्या गोळा केल्या. आमची लेक यशू, तेव्हा चौदा वर्षांची, दारातून म्हणाली, "काका, धिस इज सो इल्लीगल." सगळे हसले. चहा झाला. मी गॅरेजात आलो, गाडीकडे नजर टाकली. नटावर पिवळं दिसलं. गाडी ट्रेलरवर चढवली, पट्टे आवळले. झालं.

तीन दिवस ट्रक चालला. ते तीन दिवस मला एखाद्या लांबलचक श्वासासारखे आठवतात. टेनेसीच्या डोंगरांत झाडं इतकी दाट की रस्ता बोगद्यातून गेल्यासारखा. आर्कान्सामध्ये ती विरळ झाली. ओक्लाहोमात गुडघ्याएवढी. टेक्ससच्या त्या वरच्या पट्ट्यात नुसतं गवत, आणि मग गवतही मातीच्या रंगाचं. झाडं खाली खाली बसत गेली तसं आकाश वर वर उठत गेलं. कुणीतरी मोठ्या भांड्यावरचं झाकण सावकाश काढत असावं तसं.

काकांनी थालीपिठांचा डबा मांडीवर घेतला होता. ओक्लाहोमात कुठेतरी त्यांनी विचारलं, "मिलिंदराव, तुमचं शिक्षण नागपूरलाच ना? कॉलेज कुठलं?"

तीस वर्षं या प्रश्नाला मी वळसे घालत आलो होतो. त्या सरळ रस्त्यावर वळायला जागाच नव्हती. "कॉलेज नाही काका. नववी. तीही पुरी नाही."

काकांनी मांडीवरचा डबा उघडला. मग म्हणाले, "मी बावीस वर्षं शिकलो. आणि मघाशी पंपावर हा ट्रेलर मागे घ्यायचा होता तेव्हा देवाचं नाव घेत होतो." मग थालीपिठाचा तुकडा माझ्यापुढे धरला. "घ्या. काकूंनी तुमच्यासाठी तिखट केलंय." त्यानंतर मी त्यांना उस्तादांच्या पिवळ्या खुणेचं सांगितलं. त्यांनी प्रयोगशाळेतल्या लेबलांच्या गोष्टी सांगितल्या. आमचं छान जमलं.

ट्रक अल्बुकर्कीतच ठेवून गाड्यांवरून पश्चिमेला लागलो आणि तासाभरात माझी सगळी मापं निकामी झाली. समोर एक लाल खडक दिसत होता, एकटा, चौकोनी. वाटलं, पाच मिनिटांत गाठू. वीस मिनिटं झाली, तो तेवढाच. त्याच्या पायथ्याशी काळ्या मुंग्यांची रांग सरकत होती. आणखी वीस मिनिटांनी कळलं की ती मालगाडी आहे, दोन मजली डब्यांची, मैलभर लांब. ती त्या खडकापुढून जाताना बघून ॲक्सिलरेटरवरचा माझ्या हाताचा जोर आपोआप कमी झाला. इतकं मोठं काही बघायची माझ्या डोळ्यांना सवयच नव्हती. लहानपणी सेमिनरी हिल्सवरून खालचं नागपूर बघायचो, ते मोठं वाटायचं.

मी सगळ्यांच्या मागे. ही माझीच मागणी होती. शेवटच्या माणसाला सगळ्यांची चाकं दिसतात. पुढे पाच पाठी, त्यांच्या पुढे रस्ता, सरळ, टोकाला इतका बारीक झालेला की आभाळात ओवता आला असता. रंगांना मी नावं द्यायचा प्रयत्न केला. विटेचा, गेरूचा, वाळत घातलेल्या मिरचीचा, आईच्या जुन्या लुगड्याचा. दुपार उतरायला लागली की प्रत्येक लाल आतून पेटायचा आणि माझी नावं संपायची. एकाच ढगाची सावली अख्ख्या पठारावरून चालत गेली. ती अंगावर आली तेव्हा गारवा लागला. निघून गेली तेव्हा पाठमोरी दिसत राहिली, डोंगर चढून पलीकडे उतरेपर्यंत.

आणि तो पाऊस. चहासाठी थांबलो होतो. दूरवर ढगातून पावसाचे करडे झोत खाली लोंबत होते आणि मधेच संपत होते. खालची जमीन कोरडी. इथे हवाच इतकी कोरडी की थेंब वाटेतच आटतात. मी आ वासून बघत राहिलो. शुभदाताई थर्मासचं झाकण लावत म्हणाल्या, "आमच्या कंपनीचा बोनस. नुसता जाहीर होतो, हातात काही पडत नाही."

केतन हसून म्हणाला, "तायडे, निदान इथे तरी ऑफिस नको यार."

"मी कुठे काढलं? त्या ढगाने काढलं."

अशा गप्पा. मग हेल्मेट चढली की प्रत्येकजण एकटा. मला वाटतं, म्हणूनच माणसं अशी जातात. सोबत आहे, आणि तरी आपापल्या हेल्मेटात आपण एकटे, आणि समोर हे एवढं मोठं काहीतरी. मला काकांची पूजा आठवायची, आमची मेणबत्ती आठवायची. दोन्हींत माणूस जे करतो ते इथे नुसतं गाडी चालवताना आपोआप होत होतं. मान लवत होती.

प्रत्येक थांब्याला मी सगळ्या गाड्यांभोवती फेरी मारायचो. तेल, टायर, चेन, नट. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंची चेन जराशी ढिली वाटली. नट बघितला, पिवळं होतं. नवीन टायर घातला की थोडं बसतं, संध्याकाळी बघू, असं म्हणून उठलो. हे मी लिहून ठेवतो, कारण हे मला पुसून टाकायला आवडलं असतं.

त्या दुपारी युटाच्या हद्दीजवळ रस्ता लांब उताराला लागला. दोन्ही बाजूंना उंच खडक असे उभे की वाटावं, अख्ख्या मुलखाची सभा भरली आहे आणि आपण उशिरा आलो. सगळ्यांनी वेग धरला. ताई माझ्या लगेच पुढे. आणि त्यांच्या गाडीचं मागचं चाक हललं.

डावीकडे, उजवीकडे. बोटभर. मग थांबलं. मग परत. चालवणाऱ्याला ते वाऱ्यासारखं वाटतं. मागून बघणाऱ्याला नाही. हॉर्न दिला, दिवा लावला-विझवला, काही उपयोग नाही. त्यांचं लक्ष समोरच्या डोंगरांवर होतं. जोरात जवळ जावं तर त्या दचकून ब्रेक दाबतील, आणि ब्रेक दाबला तर ते चाक काय करेल ते मला माहीत होतं. मी हळूहळू बाजूला गेलो, त्यांच्या रेषेत आलो, आणि तळवा खाली करून हात हलवला. सावकाश. सावकाश. त्यांनी मान वळवली, काचेआडून माझ्याकडे बघितलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे. त्यांनी नुसती मूठ सैल केली आणि गाडी आपली आपण मंदावत मंदावत रस्त्याकडेला आली.

तिथे एका नवाहो, म्हणजे तिथल्या मूळच्या आदिवासी, बाईंचं दुकान होतं. चार खांब, वर प्लायवूडचं छप्पर, टेबलावर मण्यांच्या माळा. बाई साठीच्या असाव्यात. आमच्याकडे एकदा बघून त्यांनी टेबल एका बाजूला ओढलं आणि सावलीत जागा केली. "टेक युवर टाइम," एवढंच म्हणाल्या.

मी गुडघ्यावर बसलो. नटाला हात लावला. पान्याची गरजच पडली नाही, तो बोटांनी फिरला. बोटाला पिवळं लागलं. ऑइलपेंट असं लागत नाही. मी बोट नाकाशी नेलं.

हळद.

सगळं एकदम दिसलं. ट्यूबलाइट, अर्धं बंद दार, ताट, प्रत्येक चाकाच्या मध्यावर मनोभावे टेकलेली काकांची बोटं. आणि चहा घेऊन परत आलेला मी, न वाकता उभ्या उभ्या पिवळं बघून पुढे गेलेला. पाना त्या नटाला लागलाच नव्हता.

पुढे गेलेले चौघे वळून आले. इंजिनं एकेक करून बंद झाली. शांतता झाली. लोखंड टिकटिकत राहिलं.

"काय झालं यार?" केतनने विचारलं.

"मागच्या चाकाचा नट ढिला झालाय."

"तीन दिवस ट्रेलरवर हादरे खाल्ले ना," केतन म्हणाला. "होणारच. बरं झालं तू बघितलंस." त्याच्या ऑफिसातल्या एकाने माझ्या खांद्यावर थोपटलं. दुसरा म्हणाला, "म्हणून तर मिलिंदभाऊ पाहिजे."

वेगळ्या शब्दांत ते माझंच वाक्य होतं, इतकी वर्षं जपलेलं. कुणीतरी परत माझ्या हातात आणून ठेवत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. किंवा बोट दाखवायचं होतं. हळदीचा डाग अजून बोटावर होता. पण ते बोट काकांकडे गेलं असतं. त्यांनी विचारून, जपून केलेल्या पूजेकडे. आणि माझ्यासारख्याने ते दाखवलं असतं तर त्यात टोमणा ऐकू आला असता, मला अभिप्रेत असो वा नसो. मी बोट चिंधीला पुसलं.

"ट्रेलरमुळे नाही," मी म्हणालो. "मी आवळलाच नव्हता."

शुभदाताईंनी हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं.

"आवळला नव्हता म्हणजे?"

"हाताने टेकवला होता. पाना लावायचा राहिला. नंतर बघायला हवं होतं, तेही नीट बघितलं नाही. सकाळी चेन ढिली दिसली होती, तेव्हाही नाही."

"आणि तो निघाला असता कधी?"

"सांगता येत नाही. बहुतेक आजच."

त्यांनी बाटली काढली, पाणी प्यायल्या, झाकण लावलं. "म्हणजे माझ्या मुलांना तुमचा फोन गेला असता."

"हो."

"तुमच्या इंग्रजीत."

"हो."

"बिचाऱ्यांना अर्धा तास कळलंच नसतं काय झालं ते." हसल्या नाहीत त्या. कुणीच हसलं नाही. मग म्हणाल्या, "मी आत्ता या गाडीवर बसणार नाही, मिलिंद. कधी बसेन तेही सांगत नाही." आणि सावलीत त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

घरी आल्यावर सुजाताला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "भीती नाही वाटली तुला?" वाटली ना. शाळेच्या फाटकापाशी वाटली होती तशीच. पण तिथून मागे फिरून जाणार कुठे? चहूकडे नुसतं क्षितिज. आणि खरं सांगायचं तर त्या खडकांसमोर खोटं बोलणं मला फार किरकोळ वाटलं. ते कोट्यवधी वर्षं उभे आहेत म्हणतात. त्यांच्यापुढे मी माझं एक वाक्य वाचवायला बघत होतो.

मी मोठा पाना काढला. चाक सरळ केलं, चेन ताणली, नट आवळला. माप पुरं झाल्याचा पान्याचा आवाज आला, कट्. मग उरलेल्या पाच गाड्यांचा एकेक नट, सगळ्यांसमोर, उन्हात. ते सगळे घट्ट होते. अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात मण्यांच्या बाईंनी ताईंना कसलासा थंड चहा दिला.

देवकाका माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी जमिनीवरची चिंधी उचलली, चष्मा वर करून तिच्यावरचा डाग बघितला, आणि चिंधी नाकाशी नेली. रसायनांत तीस वर्षं काढलेला माणूस.

"मी लावली होती," ते हळू म्हणाले. "तुम्ही ट्रकात खुणेचं सांगितलंत, तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही."

"काका, लावायचं काम तुमचं होतं, तुम्ही नीट केलं. बघायचं काम माझं होतं."

"मी सांगतो त्यांना."

"नका सांगू."

त्यांनी चिंधीची घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली. मग मोठ्याने सगळ्यांना म्हणाले, "पाणी प्या रे सगळ्यांनी."

मी ताईंपुढे गेलो. "ताई, मी एकदा चालवून येतो. मघाशी ज्या वेगाला हलत होती, त्या वेगाने."

त्यांनी किल्ली दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

इतकी वर्षं दुरुस्त केलेल्या गाड्या चालवून बघत आलो, चौकातून, गल्ल्यांतून, दुकानामागच्या रस्त्यावरून. असा रस्ता मात्र पहिल्यांदा. वेग वाढवत नेला. सगळं लक्ष पाठीच्या मणक्यात, चाक काय म्हणतंय ते ऐकत. तो वेग आला. त्याच्या पुढचा आला. गाडी दोरीवर चालावी तशी सरळ. मी तरी थांबलो नाही, उतार संपवून पलीकडच्या चढावर गेलो, माथ्यावर गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

काहीच ऐकू येत नव्हतं. पक्षी नाही, पान नाही. आपलंच रक्त कानात वाजतं, एवढी शांतता. समोर मुलूख पसरला होता, एकामागे एक उभे खडक, शेवटचे निळे झालेले, आणि त्यांच्याही मागे आणखी काहीतरी ज्याला रंग उरला नव्हता. माणसाचं काही नाही त्यात. मला वाटायला हवं होतं की आपण क्षुद्र आहोत. तसं वाटलं नाही. मला या सगळ्यात उभं राहायला जागा आहे, याचंच नवल वाटलं.

मग मागे वळून बघितलं. दूर खाली त्या चार खांबांपाशी काचेची चमक होती, आणि शेजारी ठिपके. एवढ्या अफाट जागेत मोहरीएवढी माणसं, रस्त्याच्या कडेला, ऊन अंगावर घेत. ती माझी वाट बघत होती. मी एका बाईची गाडी घेऊन क्षितिजापलीकडे गेलो होतो, थोड्याच वेळापूर्वी तिचा जीव घालवायला निघालेला मी, आणि ती माणसं नुसती उभी होती. एक ठिपका इतरांपासून वेगळा होऊन रस्त्याच्या मधोमध आला होता. कोण ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

परत आलो तेव्हा कळलं. शुभदाताई होत्या. हेल्मेट घालून तयार.

मी उतरलो. गाडी त्यांच्या हातात दिली.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"तुमच्या नजरेने की पान्याने?"

"पान्याने. मग हाताने. मग चालवून."

त्यांनी जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं, मीटिंगमध्ये एखाद्याचा आकडा खरा की खोटा ते बघावं तसं. मग पाय टाकून गाडीवर बसल्या. "या पुढच्या टप्प्यात मी सगळ्यात पुढे जाणार आहे," केतनला म्हणाल्या. "मधे कुणी येऊ नका. आणि मिलिंद, तुम्ही माझ्या लगेच मागे राहा."

"राहतो."

त्या निघाल्या. मीही निघालो, त्यांच्या चाकावर डोळे ठेवून, पुढचे साठ मैल. खडक तांबडे झाले, मग जांभळे, सावल्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. चाक सरळ फिरत राहिलं. ताईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.